बॉक्स कासवानं खाणं सोडलं तर: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न

बॉक्स कासवानं ताटलीकडे पाठ फिरवली की घरात पहिली धाव फ्रिजकडे जाते. स्ट्रॉबेरी खात नाही, मग टोमॅटो. टोमॅटो नको, मग गांडूळ. तेही नको, मग मांजराच्या डब्यातलं थोडंसं. दिवसभरात पाच पदार्थ पुढे येतात आणि संध्याकाळपर्यंत कासव मातीत आणखी खोल गेलेलं असतं. हा क्रमच उलटा आहे. अन्न ही सगळ्यात शेवटी बदलायची गोष्ट. कासवाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते, अन्न जिरवायला लागणारी उष्णता ते बाहेरून घेतं. जमीन ६५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे १८ अंश सेल्सिअसवर असेल तर गिळलेलं गांडूळ जिरायच्या आधी पोटात सडू लागतं. थंडीत तोंड बंद ठेवणं हा त्याच्या शरीराचा शहाणपणा आहे.

हे सगळं उत्तर अमेरिकेतल्या बॉक्स कासवाबद्दल आहे: घरांत जास्त करून दिसणाऱ्या ईस्टर्न, थ्री-टोड आणि ऑर्नेट या जाती. पोटाच्या ढालीला बिजागरी असलेलं, दार लावून घ्यावं तसं स्वतःला आत बंद करून घेणारं हे कासव. अमेरिकेतल्या मराठी घरांत ते कधी मुलांनी अंगणातून उचललेलं असतं, कधी घर बदलणाऱ्या शेजाऱ्यानं देऊन टाकलेलं. म्हणजे त्याच्या आधीच्या सवयी सांगणारं कुणी नसतं. भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. स्टार कासवासारखी आपल्याकडची देशी कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ती घरात ठेवता येत नाहीत. तसं कासव घरात असेल आणि जेवत नसेल तर खालचे उपाय त्याच्यावर करू नका. स्टार कासव पाला-गवत खाणारं आहे, गांडुळांनी आणि सततच्या ओल्या मातीनं त्याला अपाय होईल. त्यासाठी वनखात्याशीच बोला.

किती दिवस थांबायचं

पूर्ण वाढलेलं, अंगानं भरलेलं, हिंडतंफिरतं कासव आठ-दहा दिवस जेवलं नाही तर जिवावर बेतत नाही. तेवढ्यात खालची तपासणी शांतपणे करता येते. एक वर्षाच्या आतलं पिल्लू मात्र तीन-चार दिवस उपाशी राहिलं की डॉक्टर गाठायचा, कारण त्याच्याजवळ साठाच नसतो. जेवण बंद आणि जोडीला सुजलेले डोळे, नाकातून फेस, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, मान टाकणं किंवा रक्त यातलं काहीही दिसलं तर दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी न्या.

दिवसांपेक्षा खरा हिशेब वजनाचा. स्वयंपाकघरात असतो तसा ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या, पण कासवासाठी वेगळा. त्यावर उथळ डबा ठेवून काटा शून्यावर आणा, कासव डब्यात ठेवा आणि आकडा वहीत लिहा. जेवत असलेल्या कासवाचं महिन्यातून एकदा, जेवण सोडलेल्याचं आठवड्यातून दोनदा वजन करा. दर वेळी भिजवण्याच्या आधीच करा, कारण पाणी प्यायलेलं कासव दहा-पंधरा ग्रॅमनं सहज वाढतं आणि तुमची फसगत होते. नेहमीच्या वजनातून दहावा हिस्सा गेला, म्हणजे ४५० ग्रॅमचं कासव ४०५ वर आलं, तर घरचे उपाय थांबवा.

आधी कासव नीट बघा

दिवसाच्या उजेडात कासव हातात घ्या आणि त्याचं तोंड तुमच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. समोरून बघायचं, वरून नाही. डोळ्याच्या मागे, जबड्याच्या टोकाशी एक गोल चपटा खवला असतो, तो कानाचा पडदा. दोन्ही बाजूंचे पडदे सपाट आणि सारखे दिसले पाहिजेत. एका बाजूला वाटाण्याएवढा फुगवटा असेल तर तो कानातला गळू. कासवाचा पू पातळ नसतो, घट्ट खरवसासारखा असतो, त्यामुळे तो आपोआप फुटून वाहून जात नाही. भूल देऊन, चीर देऊन काढावा लागतो. बॉक्स कासवात हे दुखणं नेहमीचं आहे, आणि ज्यांच्या आहारात अ जीवनसत्त्व कमी त्यांच्यात जास्त. जबडा उघडताना दुखतं म्हणून कासव ताटलीजवळ येतं, वास घेतं आणि मागे फिरतं. घरी पिळायला किंवा टोचायला जाऊ नका.

डोळे बघा. खोल गेलेले डोळे म्हणजे पाणी कमी पडलंय. सुजून चिकटलेल्या पापण्या बहुतेकदा अ जीवनसत्त्वाची कमतरता, संसर्ग किंवा फार कोरडी हवा यांतून येतात. बॉक्स कासव नजरेनं शिकार करतं. डोळे मिटलेले असतील तर पुढ्यातलं गांडूळसुद्धा त्याच्या लेखी नसतं.

नाक आणि श्वास. नाकपुडीत बुडबुडे, मान लांब करून तोंड उघडणं, कानाशी धरल्यावर टिचकीसारखा आवाज, हे छातीच्या संसर्गाचं लक्षण आहे. कासवाला आपल्यासारखं खोकता येत नाही, साचलेलं बाहेर टाकता येत नाही, म्हणून हे दुखणं सावकाश आणि पक्कं वाढतं. यात रात्रीचं तापमानही खाली येऊ देऊ नका, चोवीस तास ८० ते ८५ फॅरनहाइट ठेवा आणि डॉक्टरची वेळ घ्या.

तोंड जबरदस्तीनं उघडू नका. जांभई देताना किंवा फुत्कारताना दिसेल तेवढं बघा. आत पिवळसर, पनीरच्या चुऱ्यासारखे ठिपके असतील तर ती तोंडातली कुज, आणि रानाव्हायरस नावाच्या रोगातही असे चट्टे पडतात. घरात दुसरी कासवं असतील तर त्याच मिनिटाला वेगळी करा. वरची चोच खालच्या जबड्यावरून आकड्यासारखी वाढली असेल तर घास पकडताच येत नाही. ती डॉक्टर घासून देतात. नेलकटरनं कापली तर चिरते.

शेवटी मागची बाजू. शेपटीखालची जागा स्वच्छ हवी. उन्हाळ्यात बाहेर राहणाऱ्या कासवाच्या पायांच्या खोबणीत, मानेच्या घडीत, शेपटीच्या बुडाशी नीट शोधा: मध्ये काळं भोक असलेली गाठ दिसली तर आत माशीच्या अळ्या आहेत. शीबरोबर पांढरं काही पडतं ते मूत्रातलं युरेट. दाट ताकासारखं मऊ असेल तर ठीक. बोटात चोळल्यावर खडूच्या चुऱ्यासारखं खरखरलं तर कासव आतून कोरडं पडलंय. चोळायचं ते हातमोजा घालून, आणि मग हात साबणानं धुऊन.

ऊब: जमिनीवर मोजा, भिंतीवर नाही

अंगावर काही सापडलं नाही तर कारण बहुतेक वेळा घरातच असतं, आणि त्यातही पहिलं कारण थंडी. घराचा थर्मोस्टॅट ७० फॅरनहाइट दाखवतो म्हणून लोक निर्धास्त असतात. तो आकडा भिंतीवर, छातीच्या उंचीवरचा. कासव राहतं जमिनीवर, ओल्या मातीत, बऱ्याचदा बेसमेंटमध्ये, जिथे तोच आकडा ६२ असू शकतो. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर बेभरवशाचे असतात. दोन गोष्टी घ्या: तार असलेला डिजिटल थर्मामीटर, त्याचं टोक कासव बसतं त्या मातीच्या पृष्ठावर ठेवायचं, आणि इन्फ्रारेड गन, दिव्याखालच्या दगडाचं तापमान बघायला.

हवे असलेले आकडे असे. दिव्याखालची ऊन खायची जागा ८५ ते ९० फॅरनहाइट, म्हणजे २९ ते ३२ सेल्सिअस. गरम बाजूची हवा ८० च्या आसपास. थंड बाजू ७० ते ७५. रात्री ६५ च्या खाली नको, आणि आजारी कासवाला ७५ च्या खाली नको. सगळा पेटारा, म्हणजे कासव राहतं ती पेटी, एकसारखा ८५ वर तापवणं तितकंच वाईट. गरम झालं की सावलीत जाता आलं पाहिजे, नाहीतर कासव तापून निपचित पडतं आणि पुन्हा जेवत नाही.

उष्णता वरून द्या. दिवसा साधा पांढरा बास्किंग दिवा, रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, चिनी मातीच्या सॉकेटमध्ये आणि थर्मोस्टॅटला जोडलेला. प्लास्टिकचं सॉकेट वितळतं. लाल-निळे दिवे नकोत. तळाशी गरम पट्टी किंवा गरम होणारा दगडही नको. थंडीत मातीत खोल जाऊन बसणं ही कासवाची सवय, आणि खाली पट्टी असली की तिथेच पोट भाजतं.

तापमान बदललं की त्याच संध्याकाळी जेवण मांडू नका. तीन दिवस नुसती ऊब आणि पाणी द्या.

उजेड आणि ओल

दिवा लागला म्हणजे उजेड मिळाला असं नाही. कासवाला अतिनील ब किरण लागतात. ते नसतील तर कॅल्शियम शोषलं जात नाही, आणि त्यातून मरगळ, मऊ कवच, भूक मंद. खिडकीतलं ऊन यासाठी उपयोगाचं नाही, काच हे किरण अडवते. हे किरण देणारी टी-५ प्रकारची लांब नळी घ्या, वेष्टनावर ५.० किंवा ६ टक्के लिहिलेली, पेटाऱ्याच्या निम्म्या लांबीची तरी. कासवाच्या पाठीपासून साधारण १२ ते १८ इंचांवर ठेवा आणि वेष्टनावरचा अंतराचा तक्ता पाळा. मधे बारीक जाळी असेल तर बराच भाग तिथेच अडतो. नळी उजेड देत राहते पण तिचे किरण आटतात, म्हणून बसवल्याची तारीख नळीवरच मार्करनं लिहा आणि बारा महिन्यांनी बदला. नवी नळी लावल्यावर कासव डोळे मिटून बसायला लागलं तर ती फार जवळ आहे. रोज १२ तास, टायमरवर.

ओल हा भाग अमेरिकेतल्या हिवाळ्यात सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहतो. घराची भट्टी सुरू झाली की हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली येते. तिथे आपले ओठ फुटतात, तर जंगलाच्या पाचोळ्यात राहणाऱ्या कासवाचं काय होत असेल! ईस्टर्न आणि थ्री-टोडला ६० ते ८० टक्के हवी. ऑर्नेट माळरानातलं आहे, त्याला वरची हवा कोरडी चालते, पण लपायच्या बिळात ओल हवीच. अंथरूण म्हणून कोकोपीट आणि खत न घातलेली साधी माती निम्मी-निम्मी, वर स्फॅग्नम शेवाळ आणि सुका पाला, थर किमान ४ ते ६ इंच. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. कुंड्यांसाठी मिळणाऱ्या तयार मातीत पांढरे पर्लाइटचे दाणे असतात. कासव ते अन्न समजून गिळतं. नुसती वाळू आणि बारीक खडी नको, तीही गिळली जाते आणि आतडं अडतं.

रोजचं भिजवणं

जेवण सोडलेल्या कासवासाठी घरच्या घरी करण्यासारखा सगळ्यांत गुणाचा उपाय हा आहे. प्लास्टिकचा पसरट टब घ्या, उभ्या भिंतींचा आणि अपारदर्शक. पाणी ८० ते ८५ फॅरनहाइट, म्हणजे मनगटावर धड गरमही नाही आणि गारही नाही असं लागणारं. खोली कवचाच्या वरच्या आणि खालच्या भागाचा सांधा बुडेल इतकीच. मान वर न ताणता नाक बाहेर राहिलं पाहिजे. बॉक्स कासव पाण्यातलं नव्हे, खोल पाण्यात बुडतं. वीस ते तीस मिनिटं ठेवा, मधे पाणी गार झालं तर बदला, आणि त्या वेळात तिथून हलू नका.

पहिली काही मिनिटं ते भिंतीशी खरडेल. मग थांबेल, मान पुढे काढून चोच पाण्यात टेकवेल, आणि गळ्याखालची सैल कातडी आत-बाहेर हलायला लागेल. ते पाणी पितंय. अशा वेळी खोलीत कुणी बोलू-चालू नये, सावलीसुद्धा पडू देऊ नये, एकदा मान आत गेली की परत यायला वेळ लागतो. पुष्कळ कासवं याच टबात शी करतात. तसं झालं तर आतडं सुरू आहे हे कळलं, आणि डॉक्टरकडे न्यायला नमुनाही मिळाला. आठवडाभर रोज भिजवा.

टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका. कासवाच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असतात आणि कासव ठणठणीत दिसत असतानाही ते बाहेर पडतात. मुलांना होणाऱ्या याच आजारामुळे अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर कासवाची सगळी कामं मोठ्यांनीच करावीत.

आडोसा

काचेच्या टाकीत ठेवलेलं कासव दिवसभर भिंतीशी फेऱ्या मारतं, कारण काच त्याला अडथळा म्हणून समजत नाही. बाहेरून खालचे सहा-आठ इंच जाड कागद चिकटवून झाका. दोन लपायच्या जागा करा, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. अर्धं मातीचं मडकं चालतं. जागा किमान चार फूट बाय दोन फूट हवी. दोन कासवं एकत्र असतील तर न जेवणारं बहुधा दबलेलं असतं: दुसरं त्याच्यावर चढतं, ताटली अडवतं, नुसतं समोर येऊन उभं राहतं. महिनाभर वेगळं ठेवून बघा.

नुकतंच घरी आलेलं कासव दोन ते चार आठवडे नीट जेवत नाही, हे धरून चाला. या काळात उचलणं फक्त भिजवायला आणि वजनाला. पाहुण्यांना दाखवायला मुळीच नाही.

जंगलातून उचललेल्या कासवाची गोष्ट वेगळी. बॉक्स कासव सारा जन्म काही शे मीटरांच्या ओळखीच्या टापूत काढतं आणि तिथून हलवलं तर तो टापू शोधत राहतं. बऱ्याच राज्यांत त्याला उचलणं बेकायदा आहे. नॉर्थ कॅरोलायनाचा तर ईस्टर्न बॉक्स कासव १९७९ पासून राज्य-सरीसृप आहे. मुलांनी काल-परवा आणलं असेल तर जिथे सापडलं त्याच जागी, रस्ता ओलांडत असेल तर ते ज्या दिशेला चाललं होतं त्या बाजूला ठेवून या. बरेच दिवस घरात राहिलेलं, इतर कासवांबरोबर ठेवलेलं असेल तर परस्पर सोडू नका, रोग जंगलात जातो. राज्याच्या वन्यजीव विभागाला विचारा.

आता अन्न

ऊब, उजेड, ओल आणि पाणी चार-पाच दिवस जागेवर राहिलं की मग ताटली. वेळ सकाळची, दिवे लागून तासभर झाल्यावर. आधी पेटाऱ्यात कोमट पाण्याचा फवारा मारा, झाडाखाली पाऊस पडून गेल्यासारखा. जंगलात पाऊस झाला की गांडुळं आणि गोगलगायी वर येतात आणि बॉक्स कासव तेव्हाच शिकारीला निघतं. घरातला खोटा पाऊसही तीच भूक जागी करतो.

पहिला घास हलणारा असू द्या. मासेमारीच्या दुकानात मिळणारं मोठं नाइटक्रॉलर गांडूळ उत्तम. गळासाठी हिरवा रंग दिलेली घेऊ नका. कंपोस्टची तांबडी लहान गांडुळं दुखावली की पिवळा, कडवट वासाचा द्राव सोडतात, त्यामुळे बरीच कासवं ती थुंकतात आणि नंतर चांगल्या गांडुळाकडेही संशयानं बघतात. गांडूळ धुऊन कासवाच्या नाकापासून तीन-चार इंचांवर, सपाट दगडावर ठेवा आणि मागे सरा. कासव आधी डोकं तिरकं करून एका डोळ्यानं बघेल, मग मान ताणून नाक जवळ नेईल, थबकेल, आणि मग एकदम झडप. या थबकण्यापाशी माणसांचा धीर सुटतो, गांडूळ उचलून आणखी जवळ धरलं जातं, आणि कासव दार बंद करतं. हात लावू नका.

गांडूळ नको असेल तर गोगलगायी, हॉर्नवर्म नावाच्या जाड हिरव्या अळ्या, रेशमी किडे, डुबिया झुरळं. अंगणातले किडे कीटकनाशक न मारलेल्या जागेचेच हवेत. काजवे कधीच देऊ नका, ते सरीसृपांना विषारी असतात. वॅक्सवर्म ही अळी बहुतेक कासवं नाकारत नाहीत, पण तिच्यात चरबीच चरबी. तोंड उघडायला एक-दोन, रोजचं जेवण म्हणून नाही.

दुसरा मार्ग रंग आणि वास. लाल-पिवळं आणि घमघमणारं ते पुढे करा: पिकलेलं खरबूज, पपई, आंब्याची फोड, तुतीची फळं, स्ट्रॉबेरी, जास्वंदीचं फूल. फ्रिजमधलं थंड फळ द्यायचं नाही, कोमट पाण्यात दहा मिनिटं पिशवीसकट ठेवून मग. दुकानातलं साधं बटण मशरूम चिरून दिलं तर पुष्कळ कासवं तुटून पडतात. रानातले मशरूम त्यांना चालत असले तरी ते आणून द्यायची जोखीम आपण घेऊ नये. गांडुळाचा तुकडा फळाच्या लगद्यात घोळवला की फळाची चव लागते, आणि पुढे त्याच लगद्यात उकडलेलं रताळं किंवा लाल भोपळा मिसळता येतो. अ जीवनसत्त्वाची कसर भरायला हेच दोन पदार्थ सगळ्यांत सोयीचे.

आपल्या घरांत माया म्हणून पोळीचा तुकडा, वरणभात, दूध, दही पुढे केलं जातं. यातलं काहीच नको. दुधातली साखर कासवाला पचत नाही आणि मीठ-फोडणीचं अन्न मूत्रपिंडावर ताण टाकतं. अ‍ॅव्होकाडो, कांदा, लसूण, ऱ्हुबार्ब बंद. पालक रोज नको, त्यातली ऑक्झलेटं कॅल्शियम बांधून ठेवतात. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे जवळजवळ नुसतं पाणी.

वाढणी कासवाच्या डोक्याएवढी, बस. अर्ध्या तासानं उरलेलं उचला. रोज नवा पदार्थ आणू नका, एकच पदार्थ तीन सकाळी द्या आणि मगच बदला.

चमच्यानं किंवा सिरिंजनं घशात घालणं घरी करायचं नाही. चोच चिरते, जबडा निखळतो, आणि अन्न श्वासनलिकेत गेलं तर जे दुखणं नव्हतं ते लागतं. फार दिवस उपाशी असलेल्या कासवाला आधी पाणी देऊन, मग पातळ आहार नळीनं थोडा थोडा वाढवावा लागतो. ते काम डॉक्टरचं.

ऋतू आणि माद्या

सप्टेंबरपासून, दिवस लहान व्हायला लागले की घरातलं कासवही जेवण कमी करतं. पेटारा गरम असला तरी खिडकीतून त्याला शरद कळतो. इथे दोनच रस्ते आहेत. निरोगी, वजनदार, शी तपासून घेतलेलं कासव असेल तर रीतसर शीतनिद्रा: दोन-तीन आठवडे जेवण बंद पण ऊब आणि भिजवणं चालू, आतडं रिकामं झालं की हळूहळू ४० ते ५० फॅरनहाइटवर. कासव आजारी, हडकुळं किंवा नवं असेल तर शीतनिद्रा नाहीच. उजेड १४ तासांवर न्या, ऊब वर दिलेल्या आकड्यांवर ठेवा, एक-दोन आठवड्यांत भूक परतते. मधला रस्ता जीव घेतो. ५० ते ६० फॅरनहाइटच्या खोलीत कासव धड झोपत नाही, धड जिरवू शकत नाही. साठा मात्र जळत राहतो. फेब्रुवारीत असं कासव हातात घेतलं की रिकाम्या डब्यासारखं हलकं लागतं. शीतनिद्रेतून उठलेल्या कासवानं रोज भिजवूनही दोन आठवड्यांत घास घेतला नाही तर तपासणी करा.

मे ते जुलै या काळात मादी जेवण सोडून कोपरे उकरत असेल, मागच्या पायांनी खड्डा करून सोडून देत असेल, तर पोटात अंडी आहेत. नर सोबत नसला तरी अंडी होतात, आणि एका मीलनानंतर चार वर्षांपर्यंत फळणारी अंडी घातली जाऊ शकतात. उन्हाच्या कोपऱ्यात आठ-दहा इंच खोल ओलसर माती द्या आणि तिला एकटं सोडा. उकरणं थांबलं, अंडी आली नाहीत आणि ती सुस्त झाली तर अंडी अडकली असावीत, एक्स-रे काढावा लागतो. वसंतात नरही जेवणापेक्षा फेऱ्यांतच गुंतलेला असतो. वजन टिकून असेल तर त्याची काळजी नको.

डॉक्टरकडे जाताना

कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर कासव बघत नाहीत. असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अ‍ॅम्फिबियन व्हेटर्नेरियन्स या संस्थेच्या संकेतस्थळावर सरीसृपांच्या डॉक्टरांची यादी मिळते. फोनवर विचारा: महिन्याला किती कासवं येतात? नेताना पुठ्ठ्याच्या खोक्यात टॉवेल, कडेला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. थंड गाडीत अर्धा तास गेला तर आठवड्याची मेहनत वाया जाते. बरोबर वजनाची वही, थर्मामीटरचे आणि पेटाऱ्याचे फोटो, नळीची तारीख, आणि त्याच दिवसाची शी बंद पिशवीत.

दोन औषधांबद्दल आधीच सावध राहा. आयव्हरमेक्टिन कासवाला मारतं. कुत्र्यासाठी आणलेलं जंताचं औषध त्यामुळे कधीही देऊ नका. आणि अ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं मात्रा चुकली तर कातडी सोलून काढतात, म्हणून डोळे सुजलेत एवढ्यावरून ती मागू नका. आहारातून दिलेलं रताळं-भोपळा कुणाला अपाय करत नाही.

भूक परतल्यावर पहिला आठवडा ती डोक्याएवढी वाढणी रोज, एवढंच. ताटलीवर झडप घालतंय म्हणून ढीग वाढू नका, कित्येक दिवस रिकामं राहिलेलं आतडं सावकाश चालू होतं. दुसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड, निम्मं प्राणिज आणि निम्मं फळ-भाजी-पाला, त्यावर आठवड्यातून दोन-तीनदा फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची चिमूट आणि एकदा जीवनसत्त्वांची. भिजवणं आता एक दिवसाआड चालेल. पहिली घट्ट शी आणि वजनाचे लागोपाठ तीन वाढते आकडे वहीत दिसेपर्यंत दिव्यांना, मातीला आणि वेळापत्रकाला हात लावू नका.